एकोणीस नंबरचं गोडं पाणी

पाम्पा सोलात नवा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या गाडीचं दार बघावं. बिजागरीतून सुटून लोंबत असेल तर समजायचं, हा परवाच आलाय. आमचा वारा पाहुण्यांची एवढीच खातिरदारी करतो.

देल्मिरा अन्तिलेफ मात्र इथलीच. ती आधी काचेतून बाहेर बघायची, वारा कुठल्या अंगाचा आहे ते ठरवायची, मग दोन्ही हातांनी दार धरून थोडं थोडं उघडायची आणि उतरली की पाठीनं ढकलून बंद करायची. कागद म्हणून बाहेर काढायची नाही. बाहेर काढलेला कागद थेट समुद्रालाच मिळायचा. त्यामुळे लिहायचं-बिहायचं ते सगळं गाडीत बसून. ही तिची सवय ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच झाला.

तेलविहिरींची फेरी तिच्याकडे होती. सकाळी कंपनीची पिकअप काढायची आणि माळावर पसरलेल्या एकेका विहिरीला हजेरी लावायची. पंप मान हलवतोय का, कुठे गळतंय का, आणि मुख्य म्हणजे खालून वर काय येतंय. आता तेलविहीर म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, तेल येत असेल. कसलं तेल नि कसलं काय! आज्याच्या काळापासून उपसत आलेला तो माळ. वर येतं ते पाणीच पाणी. खारट, कढत, सडक्या अंड्याच्या वासाचं, आणि त्यावर तवंगापुरतं तेल. त्या तवंगासाठी एवढं पाणी वर काढायचं, तेल वेगळं करायचं आणि पाणी पुन्हा जमिनीत ढकलायचं. ढकललं किती आणि वर आलं किती याचा मेळ बसलाच पाहिजे. नाही बसला तर पाणी भलतीकडेच कुठेतरी तोंड काढतंय असं समजायचं आणि शोधत सुटायचं.

हा मेळ म्हणजे देल्मिराचा जीव की प्राण. टाकीवर चढून ती पितळी वजन लावलेली पट्टी आत सोडायची. पट्टीला एक मलम चोपडलेलं असायचं. तेलात ते आहे तसंच राहतं, पाणी लागलं की लाल होतं. पट्टी वर ओढली की लाल जिथवर, तिथवर पाणी. "माझं सगळं आयुष्य लाल रंगात गेलं," ती म्हणायची, "आणि लिपस्टिक एकदासुद्धा लावली नाही!"

आणि हीच बाई संध्याकाळी घरी आली की नळाखाली बादली ठेवून नळाचं तोंड बघत बसायची. काय म्हणावं याला! पाम्पा सोलाचं पाणी लांबच्या तळ्यावरून नळानं यायचं, सगळा वेळ रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून. खालच्या आळीत करंगळीएवढी धार पडायची. वरच्या आळीत, जिथे देल्मिरा आणि तिची आई एर्सिलिया राहायच्या, तिथे नळातून फक्त वारा यायचा. गेल्या उन्हाळ्यापासून तर तोही धड येत नव्हता. पाणी समितीचे अध्यक्ष बाउतिस्ता ओयार्सो, मोठ्या मिशांचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस, त्यांचं उत्तर पाठ होतं, "तळं आटतंय हो! आणि तुम्ही लोक आंघोळीच फार करता." टँकर यायचा तो चढ चढत नाही म्हणून खालीच थांबायचा. मग डबे घेऊन उतरा आणि भरून चढा. एर्सिलिया चढायची. लेकीला सांगायची नाही, लपून चढायची. शरद ऋतूत एकदा डब्यासकट घसरली आणि मनगट मोडून घेतलं.

झालं. तिचा मुलगा एवेलिओ, जो कोमोदोरो शहरात सातव्या मजल्यावर राहतो, त्याला निमित्तच मिळालं. आईला मी घेऊन जाणार! तिथे नळ सोडला की पाणी येतं, गरम पण येतं. एर्सिलियानं चार दिवस तोंड फिरवून घेतलं आणि पाचव्या दिवशी सुटकेस काढली. देल्मिरा तरी बोलणार काय? आईला काय पाजणार, खारं पाणी? पण रात्री अंथरुणात पडल्यावर तिला पलीकडच्या खोलीतलं आईचं घोरणं ऐकू यायचं आणि ती कूस बदलत राहायची. चाळिशी उलटलेली, लग्नबिग्न काही नाही; घर म्हणजे आईच. आई गेल्यावर त्या घरात ती आणि वारा, दोघंच उरणार होती.

तर तो मंगळवार. महिन्यातून एकदा प्रत्येक विहिरीचं पाणी बाटलीत भरून कोमोदोरोला पाठवायचं असतं, त्यात मीठ किती ते बघायला. प्रयोगशाळेच्या बाटल्या संपल्या होत्या. त्या नेहमीच संपलेल्या असतात. मग सगळे काय करतात तेच देल्मिरानं केलं, संत्र्याच्या सरबताची रिकामी बाटली धुऊन घेतली. एकोणीस नंबरच्या विहिरीवर तिनं नमुना काढला, तेल वर येऊ दिलं, खालचं पाणी बाटलीत घेतलं, झाकण गच्च लावलं, बाटली शेजारच्या सीटवर टाकली, देवळात ठेवायला म्हणून घरून टँकरचं पाणी भरून आणलेल्या तसल्याच बाटलीशेजारी. चिठ्ठी लावायची ती मागाहून, गाडीत, निवांत. तेवढ्यात फोन वाजला.

"रविवारी येतोय," एवेलिओ म्हणाला. "दुपारी. आईला तयार ठेव."

"ती काय पार्सल आहे, तयार ठेवायला?"

"देल्मी, उगाच डोकं नको फिरवूस. तिचं मनगट मोडलं तेव्हा कुठे होतीस तू?"

"पाणी मोजत होते!" देल्मिरा ओरडली आणि फोन सीटवर फेकला. डोळे भरून आले ते तिनं वाऱ्याच्या नावावर खपवले.

परतीच्या वाटेवर दिफुंताचं देऊळ लागतं. देऊळ कसलं, कुत्र्याच्या घराएवढी कोनाडी. ही बाई वाळवंटात तहानेनं मेली आणि तिचं तान्हं तिच्या छातीला लागून जिवंत राहिलं. म्हणून येणारा-जाणारा तिला पाण्याची बाटली ठेवून जातो. ट्रकवाले ठेवतात, तेलवाले ठेवतात. भरलेल्या बाटल्यांची रासच्या रास उन्हात चकाकत असते. आणि तिच्या मागे, त्या उघड्याबोडक्या माळावर, पॉपलरची हिरवीगार रांग! शेकडो वर्षांची तहान आणि त्यात ही झाडं. लोक म्हणायचे, बघा, दिफुंता आपल्या बाटल्यांचं पाणी झाडांना पाजते. देल्मिरा रोज तिथे थांबायची. त्या दिवशीही थांबली, सीटवरची बाटली उचलली, ठेवली, म्हणाली, "बाई, माझ्या आईला थांबव. कसंही कर." परत गाडीत येऊन बसली, नाक पुसलं, चिठ्ठीवर "एकोणीस" लिहिलं आणि उरलेल्या बाटलीला रबरानं बांधून टाकली.

त्याच दुपारी एकोणीस नंबरच्या पंपाचा दांडा तुटला आणि विहीर गप्प झाली. दुरुस्तीचं यंत्र शनिवारी येणार होतं.

गुरुवारी ती ऑफिसच्या आवारात पट्टी पुसत बसलेली, तर इंजिनिअर लेस्कानो पळत बाहेर आला. हा पोरगा मेन्दोसाचा, द्राक्षांच्या मळ्यात वाढलेला, दोन वर्षांत तीन दारं गमावलेला. टोपी वाऱ्यानं नेली, तो बघायलासुद्धा थांबला नाही.

"देल्मी! एकोणीस नंबर!"

"काय झालं? पेटली?"

"गोडं पाणी! अगं, गोडं! मीठ जवळजवळ नाहीच!"

"काहीतरीच काय. जिभेचं साल निघतं त्या पाण्यानं."

"हे बघ, हे बघ आकडे!" तो कागद फडफडवायला लागला आणि देल्मिरानं झडप घालून कागद आणि त्याचा हात दोन्ही पकडून त्याला आत ओढलं. आत तो येरझाऱ्या घालत बोलत राहिला. विहिरीच्या पोलादी नळीला वरच्या बाजूला कुठेतरी भोक पडलं असणार, वरच्या थरातलं पाणी आत शिरत असणार, आणि तो वरचा थर गोडा असणार. "तेलाच्या वर, देल्मी! आपल्या पायाखाली!"

"आपल्या पायाखाली?"

"पायाखाली! मी अजून काहीच म्हणत नाहीये हं. शनिवारी यंत्र येऊ दे, पुन्हा नमुना घेऊ, पाइपला मीटर लावू, मगच बोलू. तोवर कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. शपथ?"

"शपथ," देल्मिरा म्हणाली, आणि ती खरंच प्रामाणिकपणे म्हणाली.

घरी आली तेव्हा एर्सिलिया एका हातानं सुटकेस दाबत होती. दुसरा हात प्लॅस्टरमध्ये. वरती बाबांचा फोटो उपडा ठेवलेला. ते बघितलं आणि शपथ कुठल्या कुठे गेली.

"आई, सामान काढ बाहेर. आपल्या इथे पाणी सापडलंय. गोडं. एकोणीस नंबरला. पण कुणाला सांगू नकोस, मला शपथ घातलीय."

एर्सिलियानं तिच्याकडे बघितलं. मग फोटो उचलून सुलटा केला, भिंतीवर लावला, डोक्याला रुमाल बांधला आणि दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. जरा पीठ मागून आणते."

पीठ! आमचा 'माते' नावाचा कडू चहा पिऊन होईस्तोवर सगळ्या वरच्या आळीला कळलं, आणि अंधार पडायच्या आत खालच्या आळीला. शुक्रवारी सकाळी देल्मिरा कामाला निघाली तर लोक हात वर करून ओरडत होते, "ए देल्मी, जरा चव तरी दाखव की!" बेकरीवालीनं तिच्या गाडीच्या खिडकीतून गरम तोर्ता फ्रितांची, म्हणजे आमच्या तळलेल्या पुऱ्यांची, पिशवी आत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. कुणी टोमॅटो लावणार होतं, कुणी गुलाब. म्हातारा नावारेते म्हणाला की मी तर बाथटबच आणणार. त्याच्या घरात बाथटब मावणार कुठे हे त्यालाच माहीत. एर्सिलियानं एवेलिओला फोन करून सांगून टाकलं, "येऊ नकोस, मी इथेच मरणार, आणि मरायच्या आधी रोज आंघोळ करणार!" एवेलिओ म्हणाला, मी रविवारी येणारच, आपल्या डोळ्यांनी बघणार. अध्यक्षांनी तर संध्याकाळी हॉलमध्ये सभा आणि असादो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं कोकरू, जाहीर करून टाकलं. सभेत ठराव येणार होता, सोमवारपासून टँकर बंद.

लेस्कानोनं डोक्याला हात लावला. "देल्मी, शपथ घातली होती ना?"

"आईच्या हातात सुटकेस होती रे."

त्यानं डोक्यावरचा हात काढला. त्याचीही आई मेन्दोसात एकटीच होती.

दुपारी फेरी आटोपून देल्मिरा दिफुंताला आभार मानायला थांबली. नवी बाटली आणली होती, फुलं आणली होती, प्लॅस्टिकची, कारण खरी इथे टिकत नाहीत. गुडघ्यावर बसली आणि बाटली ठेवायला जागा करू लागली. रास सरकवता सरकवता तिचा हात थबकला. एका बाटलीत, संत्र्याच्या सरबताच्या, पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं. गळ्याशी तपकिरी वळं बसलं होतं.

तिनं झाकण उघडलं. सडकं अंडं.

तिनं बोट बुडवून चाटलं, आणि जीभ घशात ओढली गेली.

"आई गं," देल्मिरा म्हणाली आणि तिथेच बाटल्यांत बसून राहिली. म्हणजे प्रयोगशाळेत गेलं ते... ते टँकरचं पाणी! आणि दिफुंताला, तहानेनं मेलेल्या त्या बिचारीला, आपण मंगळवारपासून काय पाजतोय? तिला हसू आलं, खदखदून हसली, मग रडली, मग पुन्हा आईचं "रोज आंघोळ करणार" आठवलं आणि हसूही गेलं नि रडूही.

आता गप्प बसता आलं असतं. उद्या यंत्र येणार, खारं पाणी निघणार, सगळे म्हणणार प्रयोगशाळाच गाढव. कोणाला कळलं असतं? पण आज रात्री टँकर बंद करायचा ठराव होणार होता ना! आणि मोजमाप चुकीचं आहे हे माहीत असून ते तसंच पुढे जाऊ द्यायचं, हे देल्मिराच्यानं जन्मात झालं नसतं. तिनं बाटली उचलली, कोटात घातली आणि गाडी सरळ हॉलकडे घेतली.

हॉलमध्ये जत्रा भरली होती. कोकराची चरबी निखाऱ्यावर चरचरत होती, अध्यक्ष मिशीवरून हात फिरवत होते, आणि एर्सिलिया पुढच्या रांगेत, लाल शाल पांघरून, नवरी मुलगी बसावी तशी बसली होती. देल्मिरा आत आली तशा टाळ्या पडल्या. ती बाकावर चढली. टाळ्या आणखी वाढल्या.

"थांबा! टाळ्या बंद करा, हात जोडते तुम्हाला!" तिनं बाटली वर धरली. "हे एकोणीस नंबरचं पाणी. खारं. नेहमीसारखं खारं. मी बाटल्यांची अदलाबदल केली. हे मी दिफुंताला ठेवलं, आणि तिचं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं. गोडं पाणीबिणी काही सापडलेलं नाही."



"म्हणजे प्रयोगशाळेत कुठलं पाणी गेलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"टँकरचं!"

टँकरवाला सेगुंदो, जो बिचारा निरोप समारंभाला आल्यासारखा कोपऱ्यात उभा होता, तो एकदम ताठ झाला. "म्हणजे माझं पाणी एक नंबर आहे! लिहून आलंय! आणि मला म्हणतात, सेगुंदो, तुझ्या पाण्याला गंजाचा वास येतो!"

लोक हसले, पण ते हसणं अर्ध्यावरच सुकलं. एर्सिलिया उठली, शाल सावरली आणि लेकीकडे न बघता दारातून बाहेर गेली. शिव्या दिल्या असत्या तर देल्मिराला बरं वाटलं असतं. ते न बघणं सोसवेना.

आणि वर अध्यक्ष! "व्वा!" ते गरजले. "कंपनी हिला पाणी मोजायचा पगार देते! हिला बाटल्यासुद्धा मोजता येत नाहीत!"

बस. देल्मिराच्या डोक्यात सणक गेली.

"मला मोजता येत नाही? मला? अहो, त्या माळावर जमिनीत काय जातं नि वर काय येतं ते मी थेंबाथेंबानं मोजते! गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत असलं पाणी, तरी कुठे गळालं तर आम्ही रात्रीचा दिवस करतो! आणि तुमचं? तळ्यावरून किती निघतं? गावात किती पोचतं? सांगा ना! कधी मोजलंय? माझी आई पाण्यापायी गाव सोडून चाललीय, आणि ते पाणी किती आहे हे या गावात एकाही माणसाला माहीत नाही!"

"तळं आटतंय—"

"आटू दे नाहीतर उतू जाऊ दे! आकडा सांगा!"

अध्यक्षांनी मिशी चाचपली. भिंतीशी उभा असलेला लेस्कानो हळूच म्हणाला, "मीटर गाडीतच आहे. एकोणीस नंबरसाठी आणलं होतं. बाहेरून दोन चिमटे लावायचे, आत पाणी किती पळतंय ते डबीवर दिसतं. पाइप कुठलाही चालतो." मग अध्यक्षांकडे बघून, "तुमची परवानगी असेल तर."

"परवानगी कसली मागतोस!" सबंध हॉल ओरडला.

शनिवारी सकाळी जी मिरवणूक निघाली ती पाम्पा सोलानं कधी पाहिली नव्हती. पुढे कंपनीची पिकअप, तिच्यात लेस्कानो, देल्मिरा आणि अध्यक्ष एकमेकांना चिकटून. मागे गावातली चालू असलेली प्रत्येक गाडी, आणि बंद असलेल्या दोन, दोरीनं बांधून. सेगुंदोचा टँकरसुद्धा होता. पाणी मोजायला चाललोय आणि टँकर नको? पहिलं चेंबर गावच्या टाकीपाशी. झाकण काढलं, पाइप घासून पुसला, चिमटे लावले. डबीवर आकडा आला. बारका, मरतुकडा आकडा.

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "तळं आटतंय!"

मग पार तिकडे, तळ्याच्या पंपघरापाशी. चिमटे. डबी. लेस्कानोनं डबी हलवली, पुन्हा लावली. आकडा तोच. गावच्या आकड्याच्या तिपटीनं जास्त.

"नीट लावलंय ना?" अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला होता. त्यांनी स्वतः चिमटे काढले, स्वतः लावले, चष्मा लावून स्वतः वाचलं. मग चष्मा काढला. "तळं भरलेलं आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

आता सगळ्यांच्या अंगात आलं! एका चेंबरमधून दुसऱ्याकडे गाड्या सुटल्या. झाकण काढायला दहा हात, चिमटे धरायला दहा हात, आणि आकडा आला की गाडी-गाडीतून ओरडत मागेपर्यंत जायचा. "भरपूर!" "इथेही भरपूर!" देल्मिराला मलमाची पट्टी आठवत होती, लाल जिथे संपतं तिथे बघायचं, दुसरीकडे बघायचंच नाही. तेलाच्या माळाजवळ, भरपूर. वळणावर, भरपूर. आणि दिफुंताच्या देवळाच्या पुढचं चेंबर उघडलं, तर मरतुकडा.

सगळे मागे वळले. त्या दोन चेंबरांच्या मधे फक्त देऊळ होतं, बाटल्या होत्या, आणि वाऱ्यात सळसळणारी ती हिरवीगार पॉपलरची रांग.

देल्मिरा झाडांपाशी गेली. टाचेनं माती दाबली. माती मऊ होती. इतकी वर्षं रोज इथे गुडघे टेकले आणि गुडघे ओले झाले की तिला वाटायचं, कोणीतरी बाटली सांडलीय. "बाटल्यांना झाकणं आहेत," ती म्हणाली. "अहो, सगळ्या बाटल्यांना झाकणं आहेत! एक थेंब बाहेर पडत नाही! मग ही झाडं कुठलं पाणी पितात?"

नावारेते म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि छातीशी धरली. बेकरीवाली मात्र पॉपलरला पाठ लावून उभी राहिली. "हा चमत्कार आहे दिफुंताचा! इथे कुदळ लावायची नाही!"

"अगं, आपलंच पाणी आहे ते!"

"असेल! तिनं प्यायलं! तहानेनं मेली ती!"

चांगलीच जुंपली असती. पण सेगुंदोच्या टँकरचं दार उघडलं, दोन्ही हातांनी, हळूहळू, आणि आतून एर्सिलिया उतरली. रात्रीपासून ती लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. कधी चढून बसली होती कोणास ठाऊक. ती देवळापाशी गेली, चांगल्या हातानं कोनाडीवरची धूळ पुसली.

"ही बाई स्वतः तहानेनं मेली आणि पोराला पाजत राहिली," ती म्हणाली. "ती दुसऱ्याचं पाणी पिणारी आहे का? ती इतकी वर्षं झाडं हलवून हलवून दाखवतेय, अरे इथे आहे, इथे आहे! आणि आपण बहिरे, तिला बाटल्याच आणून देतोय." मग बेकरीवालीला म्हणाली, "सरक बाई. झाडं राहतील. त्यांना मी घालीन पाणी, माझ्या नळाचं."

कुदळी पडल्या. काय खणलं लोकांनी! गुडघाभर खणल्यावर माती चिखल झाली, कमरेएवढं खणल्यावर पाणी उसळून वर आलं, थंडगार, आणि पहिल्यांदा तोंड लावलं ते अध्यक्षांनी. मिशा ठिबकत वर आले. "गोडं!" ते ओरडले. "गोडं आहे रे!" आणि देल्मिराला त्यांनी अशी मिठी मारली की तिचा कोट चिखलानं माखला. पॉपलरच्या मुळांनी सांधा पार उकलून टाकला होता. लेस्कानोनं कंपनीकडून पोलादी पट्टा आणि दोन फिटर मागवले, आणि एकोणीस नंबरसाठी आलेलं यंत्र दिवसभर तसंच माळावर तिष्ठत राहिलं.

रविवारी दुपारी एवेलिओ आला. त्याचं दार शाबूत होतं, शेवटी इथलाच ना. टाकी भरतेय, वरच्या आळीला दाब पोचेल की नाही अजून माहीत नाही, हे सगळं त्यानं ऐकून घेतलं आणि सुटकेसचा कान धरला. "आई, असल्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकतोय. चल. पाणी आलं तर परत आणून सोडेन."

एर्सिलिया खुर्चीत बसली होती. कोट घातलेला. देल्मिरा नळापाशी उभी. नळ सकाळपासून उघडा ठेवला होता. त्यातून एक थेंबही आला नव्हता.

"चल," एर्सिलिया म्हणाली आणि उठली. भिंतीवरचा फोटो काढला. देल्मिरानं आईच्या कोटाचं वरचं बटण लावलं, जे आईला एका हातानं लागत नव्हतं.

नळ खोकला.

तिघंही जागच्या जागी थिजली. नळानं वारा सोडला, थुंकला, लाल गंजाचं पाणी ओकला, पुन्हा खोकला, आणि मग सुटला! धार, जाड, मनगटाएवढी, बेसिनवर आपटून भिंतीवर, एवेलिओच्या बुटांवर, सुटकेसवर. खालच्या आळीतून भोंगे वाजायला लागले, कोणीतरी तवे बडवत होतं. देल्मिरानं दोन्ही हात धारेखाली धरले आणि वेड्यासारखी हसत सुटली.

"अगं बंद कर ना तो नळ!" एर्सिलिया कडाडली. "बघत काय उभी राहिलीस? पाणी वाया चाललंय सगळं!"

एवेलिओनं सुटकेस खाली ठेवली.

एर्सिलियानं कोट काढला, फोटो जागेवर लावला. मग कपाटामागून सरबताची एक रिकामी बाटली शोधून आणली, नळाखाली धरून काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि लेकीच्या हातात दिली.

"जा, तिला ठेवून ये. आणि या वेळी," ती म्हणाली, "आधी चाखून बघ."